झेंडूच्या रंगाची चड्डी

चार वर्षांच्या एका मुलीला मी तहान दाबायला शिकवलं. मुद्दाम नाही. मुद्दाम शिकवलं असतं तर निदान पक्की बेरकी तरी म्हटलं असतं लोकांनी. मी ते शिस्त लावता लावता केलं. वर त्याबद्दल टाळ्या घेतल्या, आणि टाळ्या घ्यायला जाताना नवी इरकल नेसून गेले.

मी बालवाडीची बाई. साताऱ्यात एका खासगी बालवाडीत नोकरीची सगळी वर्षं गेली. आता कुपवाडला मुलाकडे असते. मुलगा एमआयडीसीत नोकरीला, सून एका दवाखान्यात रिसेप्शनला, आणि नातू इथल्या प्ले-स्कूलमध्ये. परवा सुनेनं कौतुकानं तिचा मोबाईल माझ्यापुढे धरला. शाळेकडून मेसेज आला होता. नातवाचा फोटो, त्याखाली हसरा पिवळा चेहरा आणि दोन शब्द: 'ड्राय डे'.

"बघा आई, आज दिवसभर एकदाही ॲक्सिडेंट नाही!"

ॲक्सिडेंट म्हणजे मोटारीचा नव्हे. मूल वर्गात कपड्यात शी-सू करतं त्याला आमच्या धंद्यात ॲक्सिडेंट म्हणतात. मी चेहरा हसरा ठेवला. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मुलगा बाहेरून म्हणाला, "आई, पाणी वाया जातंय." त्याला काय सांगणार? म्हणून इथं सांगते.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. मला वाटायचं, बालमानसशास्त्र म्हणजे काय ते मीच. कोर्सचं सर्टिफिकेट मी घरात देवघराशेजारी लावलं होतं. पाहुण्यांना नमस्कार दोघांनाही करायला लागायचा.

आमची शाळा एका रिटायर्ड सुभेदारांनी काढलेली. साताऱ्यात रिटायर्ड फौजी गल्लोगल्ली. कुणी सिक्युरिटी एजन्सी काढतो, कुणी पिठाची गिरणी. यांनी बालवाडी काढली. माणूस प्रेमळ. पण लहान मूल म्हणजे उंचीनं कमी पडलेला रिक्रूट, अशी त्यांची पक्की समजूत. प्रार्थनेला पोरं रांगेत 'सावधान' उभी राहायची आणि त्यातली निम्मी नाकात बोट घालून सावधान असायची.

संडास-बाथरूम दोनच. पोरं तीसच्या वर. साहेबांनी ठरवून दिलेलं, सकाळच्या खाऊनंतर सगळ्यांनी एकदम जायचं. ते म्हणायचे, "बाई, ड्रिल इज ड्रिल. एकदा प्लाटून बाथरूमला जाऊन आली, की पुन्हा नाही."

आता साधी गोष्ट सांगते, जी मला कोर्समध्ये शिकवली होती आणि मी परीक्षेत लिहून मार्क मिळवून विसरले होते. लहान मुलाची लघवीची पिशवी लहान. ती घड्याळ बघून भरत नाही. आणि भरल्याचं मुलाला कळतं ते अगदी शेवटच्या क्षणी. तेवढ्यात ते खेळत असलं, गोष्ट ऐकत असलं, किंवा बाईला घाबरत असलं, तर संपलं. मोठ्यांना वाटतं हा आळस. तो आळस नसतो, ते वय असतं.

तर प्लाटून जाऊन यायची आणि तासाभरात सतरंजी भिजायची. आमच्या लतामावशी फडकं आणि फिनेलची बाटली घेऊन दारातच बसायच्या. शाळा सुटताना मला रिपोर्ट द्यायच्या, "बाई, आज कृष्णा, वेण्णा, उरमोडी तिन्ही वाहिल्या. कोयना तेवढी ऱ्हायली."

भिजलेल्या मुलाला शाळेतली सुकी चड्डी घालून घरी पाठवायचो. ती चड्डी परत येत नसे. आया चोर नव्हत्या. धुऊन घडी घातली की घरच्या कपड्यांत मिसळून जायची, एवढंच. दर दिवाळीपर्यंत कपाट रिकामं. मावशी म्हणाल्या, "बाई, आता माजं लुगडं फाडायचं का?"

इथं माझी अक्कल चालली. गॅदरिंगच्या जुन्या पडद्याचं कापड पडलं होतं. भडक, नारंगीकडे झुकणारं पिवळं. मी घरी मशीनवर बसून त्याच्या चड्ड्या शिवल्या, डझनावारी. हेतू एकच. इतकी भयाण चड्डी कुणीही घरी ठेवणार नाही, दुसऱ्या दिवशी परत आणून देईल. आणि खरंच, सगळ्या परत यायला लागल्या. मी स्वतःवर खूश.

ती चड्डी पोरांनाही लांबून ओळखू यायची, हे माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आलं. पहिल्याच आठवड्यात एका पोरानं बोट दाखवून आरोळी ठोकली, "झेंडू! झेंडू झाला!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. नाव इतकं चपखल होतं की मी ते स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं. नंतर मीच म्हणायला लागले, "चला, आज कुणाकुणाचा झेंडू व्हायचाय?" लाडात म्हणायचे मी. लाडात म्हटलेलं बोचत नाही, अशी माझी थिअरी होती.

शिक्षेबरोबर बक्षीस पाहिजे, हे सर्टिफिकेटवालीला माहीत होतं. साहेबांनी फौजेतून येताना एक पितळी घंटा आणली होती. शाळा सुटताना ती घणघण वाजायची, पार कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जायची. पोरांचा त्या घंटेवर जीव. मी जाहीर केलं, आठवडाभर जो कोरडा राहील, त्यानं शनिवारी घंटा वाजवायची. आई-बाबांच्या समोर. दोघे-तिघे असले तर चिठ्ठी टाकायची.

महिन्याभरात सतरंजी कोरडी. लतामावशी फिनेलची बाटली कपाटात ठेवून लोकरीचं विणायला लागल्या. साहेबांनी मला सॅल्यूट ठोकला. दुसऱ्या शाळांच्या बाया बघायला आल्या. एका ट्रेनिंगमध्ये मला भाषणाला बोलावलं, तीच ती इरकल. मी फळ्यावर लिहिलं, 'प्रेमळ शिस्त'. टाळ्या झाल्या. पोरं कोरडी का राहताहेत, हे एकीनंही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. उत्तर चांगलं आलं की गणित कोण तपासतं?

त्या वर्गात ईश्वरी होती. घरचे मूळचे म्हसवडकडचे, आई पोरीच्या शाळेसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहिलेली. बाप फौजेत, लांब सरहद्दीवर. सारिका, म्हणजे तिची आई, रोज स्कूटीवरून सोडायला यायची. पोरगी बारीक, मोठ्या डोळ्यांची, एक शब्द विचारला तर अर्धा देणारी. शाळा सुरू झाली त्या दिवसांत एकदा तिचा झेंडू झाला होता. एकदाच. रडली नाही, हट्ट केला नाही. शाळा सुटेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभी राहिली, मागचं कुणाला दिसू नये म्हणून. मी म्हटलं, किती शहाणी.

त्यानंतर ती कधीच भिजली नाही.

दसऱ्यानंतर सारिका सांगत होती, "बाई, ह्या वर्षी पोरीनं दाराला तोरनच लावू दिलं न्हाई. झेंडूची फुलं बघितली की किंचाळायची. सासूबाई म्हनल्या, बाहेरचं काय लागलंय का बघा." मला इतकं हसू आलं. मी हसत हसत तिला चड्डीचा सगळा किस्सा सांगितला. तीही बिचारी हसली. बाई हसतायत म्हटल्यावर काय करणार?

शिवरात्र झाली. ऊन चढलं. सारिका पुन्हा दारात थांबली.

"आवं बाई, पोरगी पानी पीत न्हाई बगा. सकाळी वॉटरबॅग भरून देती, ती तशीच भरल्याली घरी येती."

"खेळाच्या नादात राहतं गं."

"घरी पन सकाळचं दूध नको म्हनती. साळंला जायचं म्हनती, दूध नको."

"बरंय की. दुधाची बचत!"

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं. आजही दूध तापवताना ते कधीकधी आठवतं, आणि दूध उतू जातं.

आणखी एक राहिलं. ईश्वरी वर्गात एका विशिष्ट तऱ्हेनं बसायची. एक पाय दुमडून टाच खाली घ्यायची आणि त्या टाचेवर बसायची, पाठ ताठ, हातांच्या मुठी. गोष्ट कितीही रंगली तरी हलायची नाही. मी तिला उभी करून वर्गाला दाखवायचे, "बघा, ईश्वरी कशी बसते! हिला म्हणतात शिस्त." सगळ्यांनी तिच्यासारखं बसायचं म्हणून मी सराव घेतला.

मूल लघवी दाबून धरतं तेव्हा असंच बसतं. टाचेनं खालून दाब देतं. डॉक्टर लोकांना हे एका नजरेत कळतं. मी ते रोज बघत होते आणि टाळ्या वाजवायला लावत होते.

मार्चमध्ये तिचा बाप सुट्टीवर येणार असं ठरलं. बुधवारी निघून शनिवारी सकाळी साताऱ्यात. तिथून सरळ शाळेत, पोरीला न्यायला. व्हिडिओ कॉलवर त्यानं तिला विचारलं होतं, "मग घंटा कोन वाजवनार?" ती म्हणाली होती, "मी." आत्तापर्यंत चिठ्ठीत तिचं नाव एकदाही निघालं नव्हतं. इतके आठवडे कोरडी, आणि दरवेळी दुसरंच पोर. मी सारिकाला डोळा मारून सांगितलं, "ह्या वेळी चिठ्ठी-बिठ्ठी नाही. घंटा तिचीच." ते ईश्वरीनं ऐकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरलेली नाही. देव्हाऱ्यातल्या देवाकडेसुद्धा मी कधी तसं पाहिलेलं नाही.

त्या आठवड्यात ती मलूल होती. गुरुवारी अंग कोमट लागलं. सारिका म्हणाली, "घरी ठेवनार हुते, पन रडून गोंधळ घातला. आज गेली न्हाई तर घंटा जाईल म्हनली." मी पोरीच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, "फायटर आहे आमची!"

शुक्रवारी खाऊच्या वेळी तिनं डबा उघडला नाही. गुडघ्यांत डोकं घालून बसली, टाचेवरच. हात लावला तर चटका बसला. ओठ पांढरे, फुटलेले.

"ईश्वरी, सूला जायचं का?"

मान हलली. नाही.

"पोटात दुखतंय?"

होय.

"मग चल ना बाथरूमला, मी येते."

"न्हाई बाई. मला न्हाई लागली."

लतामावशींनी तिला उचलायला हात घातला तर ती किंचाळली. पोटाला हात लागला होता. मावशींचा चेहरा उतरला. "बाई, पोट दगड झालंय."

साहेबांनी सारिकाला फोन लावला. ती आली, पोरीला पदरात गुंडाळलं. ईश्वरी दाराची कडी सोडेना. "उद्या घंटा हाय! आई, उद्या घंटा हाय!" तिची बोटं मी एक एक करून सोडवली. मीच. साहेबांच्या गाडीतून हॉस्पिटलला नेली. मी मागच्या सीटवर, तिची वॉटरबॅग मांडीवर घेऊन. भरलेली.

डॉक्टर तरुण होते. पोट तपासलं, सोनोग्राफी केली, मग बाहेर येऊन विचारलं, "ही शाळेत लघवीला जाते का?"

मी म्हटलं, "जाते ना. सगळ्यांबरोबर. वेळ ठरलेली आहे."

"करते का, असं विचारतोय मी."

मला माहीत नव्हतं. प्लाटून जायची, प्लाटून यायची. आत कोण काय करतं, ते बघणारी मी दारात उभी राहून गाणं म्हणत असायचे.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. महिनोन् महिने पोरगी पाणी कमी पीत होती आणि आलेलं धरून ठेवत होती. साचलेल्या पाण्यात जंतू होतात, हे आपण विहिरीचं सांगतो, तेच पिशवीचं. इन्फेक्शन झालं, ते वर किडनीपर्यंत गेलं. आता लघवी भरपूर साठली होती, पण ती सोडतच नव्हती. सोडायचं कसं, हे तिचं अंगच विसरलं होतं. नळी घालून काढावी लागली.

"एवढं कुणी शिकवलं तिला?" त्यांनी सारिकाला विचारलं. सारिकानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती पोरीच्या चपला शोधत होती. चपला शाळेतच राहिल्या होत्या.

शनिवारी घंटा वाजली. दुसऱ्या एका पोरानं वाजवली, पालकांनी मोबाईलवर शूटिंग केलं.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण हॉस्पिटलातलं मला शेवटीच सांगता येईल.

सोमवारी मी पिवळ्या चड्ड्यांचं गाठोडं बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "हे बंद. घंटाही बंद. ज्याला लागेल त्यानं लागेल तेव्हा जायचं. सतरंजी भिजली तर मी पुसीन."

साहेबांनी गाठोडं टेबलाखाली सरकवलं. मग म्हणाले, "बाई, मलाही झोप नाही दोन रात्री. पण इन्फेक्शन कुठूनही होतं. आपण एकदम बंद केलं, तर लोक म्हणतील शाळेचीच चूक होती. त्यात ॲडमिशनचे दिवस."

"चूक शाळेची नाही. माझी आहे."

"मग तर अजिबात बोलू नका."

आणि मी बोलले नाही. इथं एखादी बाणेदार बाई राजीनामा देऊन बाहेर पडते. मी नोटीस बोर्डावरच्या टाचण्या सरळ करून वर्गात गेले. चड्ड्या निळ्या केल्या, एवढंच काय ते धैर्य. पोरांनी महिन्याभरात निळ्यालाही नाव पाडलं. घंटा मी जाईपर्यंत वाजत होती. दर शनिवारी मी कान झाकायला म्हणून पदर सारखा करायचे.

ईश्वरी परत आली नाही. तिची एक किडनी कायमची कमजोर राहिली, औषधं मागं लागली. नळी काढल्यावरही बाथरूमचं दार बघितलं की थरथरायची, असं सारिका म्हणाली. शेवटी ते म्हसवडला परत गेले. साताऱ्याच्या स्टँडवर एकदा सारिका दिसली, पोरीचा हात धरून, तपासणीला आलेली. मी खांबाच्या मागे गेले. खांब बारीक, मी जाड. तिनं पाहिलं असणार. गाडी लागली, त्या चढल्या.

आणि ट्रेनिंगला माझं भाषण ऐकलेल्या बायांनी आपापल्या शाळेत घंटा बांधल्या होत्या. मी कुणाकुणाला गाठून सांगितलं. एकजण म्हणाली, "तुमच्याकडे एखादी केस झाली असेल हो, आमच्याकडे रिझल्ट छान आहे."

आता कुपवाड. मेसेज आल्यावर मी नातवाच्या टीचरला भेटायला गेले. चोविशीची गोड मुलगी. मी तिला सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तेवढं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, एक तरी.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "आजी, पण मेसेज एक दिवस नाही गेला तर पॅरेंट्सचेच फोन येतात."

खरंच होतं. माझ्याच सुनेनं केला असता.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. नातवाला कोपऱ्यात घेतलं आणि लाच देऊ केली. "आज शाळेत चड्डीत सू करून ये. आल्यावर जिलेबी." पोरगं जिलेबीसाठी मला विकून येईल, असं आहे. त्यानं विचार केला, एक पाय दुमडला, टाचेवर बसला आणि म्हणाला, "नको आजी. गुड बॉय सू करत नाहीत."

सकाळी मी त्याला पाण्याचा पेला देते. तो तोंडाला लावतो, गिळल्यासारखं करतो आणि पेला परत देतो. पाणी तेवढंच. त्याच्या आईला मी दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही उगाच घाबरवता." मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." मी रोज पेला भरते.

धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच. सतरंजी कोरडी दिसली की आनंद मानू नका, वॉटरबॅग उचलून बघा. जड लागली तर ती पोराची शिस्त नाही, तुम्ही घातलेली भीती आहे. हे मी लिहिलंय खरं. कुणी ऐकेल, असं मला वाटत नाही. मलाही सांगितलं असतं तर मी इरकलीच्या निऱ्या सारख्या करत बसले असते.

हॉस्पिटलातलं राहिलं.

रविवारी सकाळी गेले. घंटा वाजून एक दिवस झाला होता. ईश्वरीचा बाप पलंगाशेजारी बसला होता, बारीक कापलेले केस, पायाशी हिरवी फौजी बॅग अजून न उघडलेली. मला बघून उठून उभा राहिला, स्टूल पुढे केलं. "बसा बाई." त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. सारिकानं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "फोनवर सांगायची सगळं. बाईंनी शिस्त लय चांगली लावलीया म्हनून." मी स्टुलावर बसले. बसायलाच लागलं.

ईश्वरी डोळे मिटून होती. चादरीखालून नळी खाली उतरली होती, पलंगाला टांगलेल्या पिशवीत. नळी कशाची ते तिला माहीत नव्हतं. माझा आवाज ऐकून तिनं डोळे उघडले. हात चादरीखाली घातला, चाचपून बघितलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला म्हणाली,

"बाई, मी अजून कोरडीच हाय. पप्पा हायत तवर घंटा वाजवू द्याल?"